आईच्या मापाचे पट्टे

माझ्या धाकट्या भावानं पुण्याहून ती गाडी आणली, तेव्हा तामलवाडीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, हिचा टप कुठं राहिला? गाडी पिवळीधमक, बुटकी, दोनच माणसांची आणि वरून सताड उघडी. शेजारच्या काकांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, हात मागं बांधून वाकून बघितलं आणि म्हणाले, "छपराला पैसं कमी पडलं व्हय रं? सांगायचं की. पत्रं पडल्यात आमच्यात."

भाऊ हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझं डोकं आधीच तापलेलं होतं. भंगारात काढलेली ही गाडी घेऊन हा मित्राबरोबर तीन वर्षं तिच्याखाली झोपला. दिवाळीला ये म्हटलं की गाडीचं काम आहे, जत्रेला ये म्हटलं की गाडीचं काम आहे. आणि एवढं करून आणलं काय, तर शर्यतीची उघडी गाडी, जिच्यात शेतातलं एक पोतं मावत नाही. मी तोंडावर बोलले त्याला. माझ्या पोटात काही राहत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे.

तो म्हणाला, "ताई, हिला वर काही नाही, म्हणजे आत वास कोंडत नाही. आईला हिच्यात बसवू."

तीन वर्षं मी ज्या गोष्टीला शिव्या घातल्या, ती ह्या पोरानं आईचा विचार करून केली होती. निदान थोडी तरी.

आईचं सांगायला पाहिजे. तिला गाडी लागते. लागते म्हणजे साधी नाही. एसटीचं दार उघडल्यावर जो वास येतो, त्या वासानंच तिच्या पोटात कालवतं. जीप असो, कार असो, काचा खाली असोत, लिंबू असो, आवळा असो, डॉक्टरची गोळी असो, काहीही चालत नाही. पहिल्या मैलाला तोंडाला पदर, दुसऱ्या मैलाला गाडी बाजूला. बैलगाडीत तिला काही होत नसे, म्हणून बैलं होती तोवर ती फिरली. बैलं गेली आणि तिचं फिरणं आमच्या शिवारापुरतं उरलं.

आणि तिची थोरली बहीण मुरुमला. आमची मावशी. अकरा वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. तिला हलवता येत नाही आणि आईला नेता येत नाही. मधे एकदा मावशीचं फार झालं म्हणून आम्ही आईला जीपमध्ये घातलं. नळदुर्गला पोचेपर्यंत तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तिथंच सलाईन लावलं आणि तसंच माघारी आणलं. मावशी त्या दुखण्यातून उठली, पण भेट राहिली ती राहिलीच. मी फोन लावून द्यायचे, चेहरा दिसतो तो. दोघी एकमेकींचं कपाळ नाहीतर कान दाखवत ओरडायच्या. फोन ठेवला की आई म्हणायची, "दिसती गं. पर हात कुठं लागतोय." हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं.

तर शनिवारी सकाळी आम्ही आईला गाडीत बसवायचं ठरवलं. सुरुवातीला फक्त तुळजापूरच्या दिशेनं थोडं जाऊन यायचं. जमलं तर रविवारी मुरुम.

ह्या गाडीला साधा पट्टा नव्हता. शर्यतीच्या गाडीला असतात तसले पट्टे होते, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, आणि चारी येऊन पोटावरच्या एका गोल बकलात अडकायचे. भावानं आईला आवळलं तशी आई म्हणाली, "बैलालाबी येवढं बांधत न्हाईत रं." नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, पदरावर माझी ओढणी घट्ट बांधलेली, आणि वर हे काळे पट्टे. वडील ओट्यावर बसून बघत होते. ते कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "नेताय तशी परत आणा."

पट्टे होते धिप्पाड माणसाच्या मापाचे आणि आमची आई मूठभर. सगळे ओढून घट्ट केले तर चारी पट्ट्यांची शेपटं हात हात बाहेर लोंबायला लागली. भाऊ म्हणाला, "राहू दे, काही होत नाही." त्यानं ती शेपटं गुंडाळून चर्रकन निघणाऱ्या चिकटपट्टीनं दाबली, वरून आणखी कागदाची पट्टी चिकटवली. माझ्या पोरीच्या शाळेच्या प्रकल्पासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "हे टिकायचं नाही." तो म्हणाला, "तुला गाडीतलं काय कळतं?"

मला गाडीतलं कळत नाही. पण नाडी, पट्टी, बंद ह्यातलं कळतं. हमरस्त्याच्या कडेला माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, गणवेश आणि सुगीत ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं. सुटं टोक वाऱ्यावर सोडलं की ते काय करतं हे मला ठाऊक आहे. पण अतिशहाण्याला कोण सांगणार.

मी स्कुटीवर मागं होते. रस्ता मोकळा, भावानं जरा वेग घेतला, आणि पहिली चिकटपट्टी उडून माझ्या अंगावर आली. मग दुसरी. मग चारी शेपटं एकदम सुटली आणि फडफडफड असा जो आवाज सुरू झाला, तो मला माझ्या गाडीवर ऐकू येत होता. त्या पट्ट्यांच्या टोकाला लोखंडी चाप. एक टोक दारावर बडवत होतं, पिवळा रंग उडत होता. दुसरं आईच्या गालावर बसलं, चष्मा वाकडा झाला. एक तर दाराबाहेर जाऊन चाकाच्या अंगाला लोंबत होतं. चाकात गुंतलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी अजून करत नाही.

आई ओरडली, गाडी थांबली. तिनं ते गोल बक्कल स्वतःच फिरवलं, उतरली आणि रस्त्याच्या कडेनं तरातरा घराकडं चालायला लागली. "म्या न्हाय येत. चाबकानं मारतंय ते. तुमची गाडी ठिवा देवघरात आन् पुजा तिला."

भाऊ मागून, मी त्याच्या मागून. गालावर वळ उठला होता तिच्या. भावाचं तोंड एवढंसं झालं. मी त्याला चार शब्द ऐकवणार होते, तोंडावर आलेच होते, आणि मधेच मला काहीतरी सुचलं. मी आईला गाठलं आणि विचारलं, "आई, मळमळलं का गं?"

ती थांबली. पोटावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली, जसं काही आतून कुणाला विचारत होती.

"न्हाय," म्हणाली. "न्हाय की गं."

चार मैल झाले होते. चार मैल ती गाडीत बसून कोरडी राहिली नव्हती कधी. म्हणजे आता तिच्या आणि मावशीच्या मधे फक्त ती चार शेपटं होती. मला इतका आनंद झाला की मी भावाला शिव्या द्यायचं विसरले.

गाडी दुकानासमोर लावली. भावानं एकच अट घातली, पट्ट्याच्या आरपार सुई जाता कामा नये. पट्ट्याला भोक पडलं की पट्टा गेला, त्याच्यावर जीव असतो म्हणाला. कापायचा तर विषयच नाही. हे मला पटलं. मग मी ट्रॅक्टरच्या सीटचं जाड कॅनव्हास काढलं आणि ठरवलं, प्रत्येक पट्ट्याला खोळ शिवायची. पट्टा आईच्या मापाला ओढायचा, उरलेलं शेपूट उलटं दुमडून पट्ट्यावरच ठेवायचं, आणि त्यावर कॅनव्हासची खोळ चढवून ती हातानं शिवून बंद करायची. सुई फक्त कॅनव्हासमधून जाणार. शेपूट आत, चाप आत, वारा बाहेर.

आईला सीटवर बसवून माप घेतलं. माप घेताना दुकानासमोर निम्मं गाव. एक जण म्हणाला, "गाडीला झंपर शिवताय का काय?" मी म्हटलं, "व्हय, तुमच्या म्हशीलाबी शिवते, घेऊन या." आई पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखी बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता. प्रवासाच्या भीतीनं आदल्या रात्रीही ती जेवली नव्हती. हे मला माहीत होतं, आणि तरी मी माप घेतलं ते त्या उपाशी पोटाचं.

गिऱ्हाइकाचा ब्लाउज शिवताना मी दोन्ही अंगांना बोटभर कापड वाढीव सोडते. बाई आज आहे तेवढीच उद्या राहते असं नाही. हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी सांगते. पण त्या दिवशी डोळ्यांपुढं आईच्या गालावरचा वळ होता, मला चिमूटभरही सैल नको होतं. नायलॉनचा दुहेरी दोरा घेऊन मी चारी खोळी अशा गच्च शिवल्या की चाप आतल्या आत जाम झाला. भावानं ओढून बघितलं, हलवून बघितलं. "एक नंबर, ताई," म्हणाला. मी फुगले. माझी टीप उसवत नाही, कापड फाटतं, असं मी त्याला सुनावलंसुद्धा.

रविवारी सकाळी निघालो. ते दोघं पुढं, मी स्कुटीवर मागं. माझ्या पिशवीत चार लिंबं, आवळासुपारी, पाण्याची बाटली, चार रिकाम्या थैल्या आणि आईचं एक जादा लुगडं. खाली नेहमीचं, सुईदोरा आणि माझी लहान कात्री. ती कात्री पिशवीबाहेर राहत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ती माझ्याजवळ असते.

पट्टे चिडीचूप. वारा होता, पोपटी ज्वारीवरून येणारा थंड वारा होता, पण एक शेपूट हललं नाही. आईची ओढणी तेवढी फडफडत होती. तुळजापूरला तिनं हात जोडले ते मला मागून दिसलं. नळदुर्गला थांबलो. मी धावत तिच्याकडं गेले, थैली हातात. तिनं थैली परत केली. "लिंबू दे नुसतं, वासाला," म्हणाली आणि माझ्या काखेतल्या पिशवीत स्वतःच हात घालून, खाली चाचपून, एक लिंबू काढून घेतलं. गाल वाऱ्यानं लाल झाले होते. मी तिला विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "ह्यो तुझा भाऊ लई हळू चालवतो गं."

मुरुमला मावशीच्या दारात गाडी थांबली तेव्हा गल्ली गोळा झाली. आई कुणाकडं न बघता आत गेली. मावशीची खाट खिडकीजवळ होती. आई जाऊन खाटेच्या काठावर बसली. मावशीनं आईचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं मोजल्यासारखी एकेक दाबली. आणि मग म्हणाली, "किती वाळलीस गं. खायाला घालीत न्हाईत का ही पोरं?" तशी आई रडायला लागली आणि आम्ही सगळेच रडलो. भाऊ गाडी पुसायचं निमित्त करून बाहेर गेला.

मावशीच्या सुनेनं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. वर तूप, आणि भाजलेला हुरडा. दोन दिवसांच्या उपाशी आईनं चार पोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या, कारण मला विश्वास बसत नव्हता. दुपारभर दोघींच्या गप्पा चालल्या, कुणाचं लग्न, कुणाची विहीर, कोणती म्हैस कुणी विकली. मधेच दोघी गुदगुल्या केल्यासारख्या हसायच्या. मी आईला तसं हसताना ऐकलंच नव्हतं कधी.

तीन वाजता भाऊ उठला. त्याला रात्रीपर्यंत पुणं गाठायचं होतं, सोमवारी कामावर हजर पाहिजे होता. मावशीचा चेहरा उतरला. तिनं सुनेला हाक मारली, "ओटी भर तिची. रिकामी धाडू नको." सुनेनं आईला पाटावर बसवून ओटी भरली, पाच ओंजळी गहू, खण, हळकुंड, सुपारी आणि पोटाशी नारळ. "आनखी एक नारळ घाल," मावशी खाटेवरून म्हणाली. सुनेनं दुसरा घातला. आईनं ते सगळं पदरात बांधून कमरेला खोचलं, मावशीच्या पाया पडली आणि गाडीत येऊन बसली.

आणि कमरेचे पट्टे एकमेकांना लागेनात.

भावानं ओढलं, आईनं श्वास आत घेतला, मी वरून दाबलं. चार पोळ्या, पाच ओंजळी गहू आणि दोन नारळ. बकलात आणि पट्ट्यात चांगलं वीतभर अंतर. पट्टा सैल करायचा तर शेपूट खोळीत आणि खोळ माझ्या दुहेरी दोऱ्यानं बंद. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. गल्लीपण बघायला लागली. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं माणसांची मापं घेतेय आणि आपल्याच आईचं माप चुकलं.

"आई, ओटी सोड आणि पिशवीत ठेव," भाऊ म्हणाला.

आई म्हणाली, "ओटी घरचा उंबरा वलांडल्याबिगर सोडत न्हाईत. बहिणीच्या दारात सोडू व्हय? काय बोलतोस?"

"मग ताई, उसव. कात्री आहे ना?"

कात्री होती. पिशवीत, लिंबाखाली, नेहमीच्या जागी. दोन मिनिटांचं काम. मी पिशवीत हात घातला, आणि तेवढ्यात मला खिडकी दिसली. मावशीची खाट त्या खिडकीशी. ती उशीवरून मान उचलून बाहेर बघत होती. डोळे पुसत नव्हती, नुसती बघत होती, जेवढं दिसेल तेवढं बघून घ्यावं तशी. मी पिशवीत हात तसाच ठेवला.

"नाही," मी म्हटलं. "कात्री घरी राहिली."

"तू? कात्री विसरलीस?"

"का, मी माणूस नाही?"

तो म्हणाला, घरातली विळी आणू का? मी म्हटलं, आण आणि पट्टा काप, जीव असतो ना त्याच्यावर? मग म्हणाला, बाजारात एखादा टेलर असेल, त्याच्याकडून आणतो. तिथं मी अशी भडकले की गल्लीतली दोन कुत्री उठून गेली. माझी टीप दुसऱ्या टेलरच्या कात्रीनं उसवायची? उद्या सगळ्या मुरुमला कळेल की तामलवाडीच्या बाईनं आईचं माप चुकवलं. माझी अब्रू काय रस्त्यावर पडली आहे का? हे सगळंच नाटक नव्हतं. अर्धा राग खरा होता, म्हणून बाकीचा अर्धा खपून गेला.

शेवटी ठरलं, आई राहील. पुढच्या रविवारी भाऊ गाडी घेऊन येईल, मी कात्री घेऊन येईन. आई सावकाश गाडीतून उतरली. "आता काय करायचं बाई," असं म्हणत कपाळाला हात लावून आत गेली. ओटी सांभाळत गेली. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "राहू दे. भाकरी येती मला." त्यांना भाकरी येत नाही. आठ दिवस माझ्याकडं जेवले.

ते आठ दिवस मला आतून कुरतडत होते. भावाशी खोटं बोलले ह्याचं नाही, तो लहानपणी माझ्याशी किती बोललाय त्याला हिशेब नाही. पण आईला तिच्या मनाविरुद्ध ठेवलं तर नाही ना? तिचं घर, तिची तुळस, तिच्या कोंबड्या. फोन लावला की सून उचलायची आणि म्हणायची, "त्या दोघी बोलत बसल्यात, मधी जायची सोय न्हाय." मावशी रोज एक भाकरी जास्त खाते, असंही तिनं सांगितलं.

पुढच्या रविवारी मी स्कुटीवर पोचले तेव्हा भाऊ आधीच आला होता. मावशीनं पुन्हा ओटी भरायला लावली, पुन्हा गहू, पुन्हा दोन नारळ. आठ दिवसांत आई चांगली भरली होती. मी कात्री हातात घेऊन गाडीशी तयार उभी. खोळीवरची टीप कुठून सोडायची ते ठरवत होते.

आई आली. दारातच तिनं कमरेचा पदर सोडला, गहू, नारळ, खण, सगळं एका पिशवीत ओतलं आणि पिशवी पायांशी ठेवली. मग सीटवर बसली, श्वास आत घेतला, आणि चारी पट्टे ओढून बक्कल टक्कन लावलं.

"आई, उंबरा?"

"उंबरा कुठं पळून जातोय?" ती म्हणाली. मग माझ्या हाताकडं बघितलं. "ती ठेव आत. मागच्या रविवारीबी लिंबाखाली हीच टोचली मला."

भाऊ गाडी सुरू करत होता, त्याला काही कळलं नाही. माझी चोरी तिनं पकडली होती, तिची मी पकडली होती आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी तिथंच रस्त्यावर रडायला लागले. आईनं पट्ट्यात आवळल्या आवळल्याच हात बाहेर काढून माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"रडू नको," म्हणाली. "घरी गेल्यावर ह्या खोळी जरा सैल शिव. पुढच्या महिन्यात ओटीसकट बसायचंय मला."